कारपेंटर्स ऐकायचेत: आधी ‘क्लोज टू यू’ की ‘अ साँग फॉर यू’?

कॅरन आणि रिचर्ड कारपेंटर या बहीण-भावाची दोन-चार गाणी आवडली आणि आता अख्खा अल्बम ऐकावासा वाटतोय, तर निवड या दोघांतून करा.

‘क्लोज टू यू’ (१९७०) म्हणजे त्यांची उसळी. १९६९चा पहिला अल्बम फारसा चालला नव्हता. तरी ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीच्या हर्ब अल्पर्टनं विश्वास सोडला नाही आणि संगीतकार बर्ट बॅकारॅकचं एक गाणं रिचर्डच्या हाती दिलं. तेच हे शीर्षकगीत, अमेरिकेत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ तर रिचर्डनं एका बँकेच्या टीव्ही जाहिरातीत ऐकलं होतं! कॅरनचा खालच्या पट्टीतला आवाज अगदी कानाशी येतो, मग दोघांचेच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून रिचर्डनं रचलेला कोरस मागून भरून येतो. त्यांची ओळख ठरलेला हा बाज इथे पक्का झाला. पण सगळी गाणी त्या तोडीची नाहीत. त्यातलं ‘हेल्प’ मला कधीच भावलं नाही.

‘अ साँग फॉर यू’ (१९७२) जास्त भरीव आहे. ‘गुडबाय टू लव्ह’ एवढ्या एका गाण्यासाठी तो घ्यावा. रिचर्ड आणि जॉन बेटिसच्या या हळव्या गाण्यात टोनी पेलुसोची खरखरीत इलेक्ट्रिक गिटार घुसते. तेव्हा काही चाहत्यांनी रागावून पत्रं लिहिली. मला मात्र गाण्यातलं दुःख खरं वाटतं ते त्या गिटारमुळेच. ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ही यातच आहे, पण १९७३मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते कॅरननं नव्यानं गायलेलं रूप. त्यामुळे इथलं किंचित वेगळं वाटेल.

‘द सिंगल्स १९६९-१९७३’ हा संग्रह सोयीचा आहे, ब्रिटनमध्ये तर १७ आठवडे अव्वल होता. मात्र त्यात काही गाण्यांवर नव्यानं काम केलंय, काही एकमेकांना जोडलीत. म्हणून तो नंतर.

एकच घ्यायचा असेल तर बेलाशक ‘अ साँग फॉर यू’. ड्रम वाजवणाऱ्यांनी मात्र ‘क्लोज टू यू’पासून सुरुवात करावी आणि थेट ‘अनदर साँग’ लावावं: कॅरन मुळात ड्रमर होती, हे त्यात लख्ख ऐकू येतं.