पॅरिसमधल्या उंची बिस्त्रोंचं (छोट्या, साध्या रेस्टॉरंटांचं) जेवण: काही महिन्यांचा अनुभव

इव्ह काँदबोर्द या शेफने बड्या हॉटेलातलं शिक्षण गाठीशी घेऊन १९९२मध्ये पॅरिसमध्ये ‘ला रेगालाद’ हे बिस्त्रो काढलं. उंची कारागिरी, साधी टेबलं आणि आवाक्यातले दर ही चाल तिथून रुळली. आता दर पुन्हा चढलेत, त्यामुळे नीट पारखून खावं.

पारख करायला उफ मायोनेझ, म्हणजे मायोनेझ घातलेलं उकडलेलं अंडं, मागवा. अंडं साधारण नऊ मिनिटं उकडलेलं, बलक मध्यभागी किंचित ओलसर हवा. मायोनेझ अंड्यावरून ओघळत असेल तर एकतर ते पातळ झालंय, नाहीतर अंडं नीट कोरडं केलेलं नाही. इथे आळस दिसला की पुढचं महागडं काही मागवू नये.

स्टेकसाठी ‘आ प्वाँ’ म्हणाल तर आतून चांगलाच गुलाबी येईल; लालसर हवा असेल तर ‘सेन्याँ’. पूर्ण शिजलेलंच आवडत असेल तर आँत्रकोतवर (बरगडीजवळच्या मांसाच्या स्टेकवर) पैसे घालवू नका, बफ बुर्गिन्यों (रेड वाइनमध्ये मंद शिजवलेलं बीफ) घ्या. स्टेकसोबतचा बेआर्नेझ (अंड्याचा बलक आणि लोण्याचा) सॉस निरखून पाहा. आच जास्त झाली की बलक गोठतो, सॉस रवाळ होतो आणि कडेला लोणी सुटतं. असा सॉस खुशाल परत पाठवावा. फ्रित (बटाट्याचे फ्राइज) दोनदा तळलेले हवेत, आधी १५० ते १६० अंश सेल्सिअसवर, मग १८०च्या आसपास. एकदाच तळलेले ताटात लगेच मऊ पडतात. बदकाच्या काँफीची (चरबीत मंद शिजवलेल्या मांसाची) कातडी लिबलिबीत असेल तर ती तव्यावर कातडीच्या बाजूने परतलेलीच नाही, नुसती गरम केलीय.

‘फे मेझों’चं (‘घरी केलेलं’) चिन्ह म्हणजे पदार्थ तिथेच कच्च्या मालापासून केलेला, पण तो कच्चा माल गोठवलेला चालतो, हे लक्षात असू द्या.

पैशांच्या मानाने दुपारची ‘फॉर्म्युल’ सर्वांत फायद्याची: दोन पदार्थ, ठरलेला दर, स्वयंपाकघर तेच. ‘मेन्यू’ म्हणजे ठरलेल्या दराचं जेवण, सुटे पदार्थ ‘कार्त’वर, आणि ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ. रात्री बऱ्याच ठिकाणी दोन पाळ्या असतात. पहिलीत बसलात तर टेबल वेळेत सोडावं लागतं, म्हणून निवांत जेवायचं तर दुसरी पाळी घ्या.

पाणी मागताना ‘युन काराफ दो’ (पाण्याचा एक जग) म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं. नुसतं ‘पाणी’ म्हटलं तर बाटली येऊ शकते आणि ती बिलात लागते. चीज गोडाच्या आधी येतं, कॉफी गोडानंतर. सेवाशुल्क दरातच धरलेलं असतं. वर काही ठेवायचं तर खुशीने दोन-चार युरो पुरेत. बिल मात्र मागितल्याशिवाय येत नाही, ‘लादिस्यों, सिल वू प्ले’ (बिल द्या, प्लीज) म्हणावंच लागतं.