बॉर्डरजवळ सायकल चालवायची तर कच्छ, जैसलमेर की अमृतसर?

आमच्या घोडबंदरच्या रविवार मंडळींमधे मे 2025 पासून हा एकच विषय चघळला जातोय, थंडीत बॉर्डरच्या बाजूला जायचं का आणि गेलोच तर कुठे. घरच्यांच्या डोक्यात अजून त्या मे मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षातले ब्लॅकआउट आहेत, भूज काय जैसलमेर काय अमृतसर काय, सगळीकडे रात्री दिवे बंद आणि एअरपोर्ट पण बंद, त्यामुळे आई ओरडते त्यात तिचं काही चुकत नाही. पण खरं सांगू का, 10 मे ला गोळीबार थांबल्यानंतर तिकडे सायकलवाल्याला सगळ्यात जास्त छळतं ते पाणी, वारा आणि काटे.

जैसलमेर आधी यादीतून उडवतो. जैसलमेर ते तनोट साधारण 120 किलोमीटर, मधे खाण्यापिण्याचं म्हणावं असं गाव रामगढ, बाकी वाळू आणि पवनचक्क्या. मी गाडीने गेलोय, 1971 च्या लढाईचं लोंगेवाला बघून अंगावर काटा येतो, पण सायकलने जायचं तर मागे पाण्याची गाडी हवी. पहिल्यांदा जाणाऱ्याने नाद करू नये.

कच्छ मुंबईकराला सोपं वाटतं कारण संध्याकाळी दादर किंवा बांद्र्याहून बसलं की सकाळी भूज. मी 2024 च्या जानेवारीत गेलो होतो. भूज ते खावडा 70 किलोमीटर आरामात, आणि पुढे धोलावीराकडे जाताना रणामधून जाणारा तो 30 किलोमीटरचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूला पांढरं, फोटो भारी येतात म्हणून सगळे तिथेच जातात. पण वारा समोरून आला की ताशी 12 पण निघत नाही आणि टेकायला एक झाड नाही. हां, झाड म्हणजे गांडो बावळ (आपली वेडी बाभूळ) आहे रणाच्या अलीकडे भरपूर, त्याचे काटे टायरमधून आरपार, मी एका दिवसात चार पंक्चर काढले आणि चौथ्याला रडायचाच बाकी होतो. खावड्याच्या उत्तरेला बॉर्डरकडच्या इंडिया ब्रिजच्या पुढे परवानगीशिवाय सोडत नाहीत, तिथे हुज्जत घालू नका.

अमृतसरला जायला गोल्डन टेंपल मेलमधे दीड दिवस घालवायचा, हा मोठा वांधा. पण एकदा पोचलात की दर दोन-तीन किलोमीटरला गाव, ट्यूबवेलचं गार पाणी, गुरुद्वारात लंगर, आणि पंक्चरवाला पण सापडतो (ट्यूबला पातळ प्रेस्टा वॉल्व असेल तर अडॅप्टर न्या, त्यांच्या पंपाला तो बसत नाही). मी 2025 च्या नोव्हेंबरमधे अमृतसर-अजनाला-रामदास-डेरा बाबा नानक केलं, साधारण 50 किलोमीटर. ऑगस्टच्या रावीच्या पुराने कित्येक शेतांवर वाळूचा थर बसलेला, लिंक रोड उखडलेले, त्यात पराली म्हणजे भाताची खुंटं जाळल्याचा धूर, घसा पार बसला. डेरा बाबा नानकला करतारपूर कॉरिडॉर (पाकिस्तानातल्या गुरुद्वारात जायचा रस्ता) 7 मे 2025 पासून बंदच होता, गुरुद्वारा पलीकडे जेमतेम साडेचार किलोमीटर. तिथे एक बाबाजी भेटले, त्यांची जमीन बॉर्डरच्या तारेच्या कुंपणापलीकडे, बीएसएफने गेट उघडलं की जायचं आणि वेळेत परत यायचं. ते म्हणे तुम्ही मुंबईवाले इथे सायकल चालवायला येता? मला उत्तरच सुचेना. अटारीचं रिट्रीट (संध्याकाळी झेंडा उतरवायचा सोहळा) 20 मे 2025 ला परत सुरू केलं पण गेट न उघडता आणि हस्तांदोलन न करता, त्यामुळे फक्त त्याच्यासाठी जात असाल तर अपेक्षा कमी ठेवा.

कच्छ आणि पंजाब, दोन्हीकडे अडवतात, आधार दाखवला आणि कुठून कुठे ते नीट सांगितलं की सोडतात. फरक असा की पंजाबात मला जवानाने थांबवलं तेव्हा शेजारचा चहावाला मधे पडला, हा सकाळपासून रस्ता विचारत फिरतोय म्हणाला, विषय संपला. रणात तुमच्या बाजूने बोलायला कोणी नसतं. ड्रोन घरीच ठेवा, चौकी-बंकरचे फोटो नकोत, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी.

म्हणून पहिल्यांदा जाणार असाल तर मी पंजाबच सांगीन, तीनच दिवसांची सुट्टी असेल तर कच्छ, पण ट्यूबमधे सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरून. पंजाबला डिसेंबर-जानेवारी टाळा, धुक्यात समोरची ट्रॉली दिसत नाही आणि गाड्या पण लेट. फेब्रुवारीत गहू हिरवागार असतो, तिकिटं आत्ताच बघा.