ओरिजिनल फाइल मागणाऱ्या गिऱ्हाइकापासून सावध रहा

राजेहो, फोटो काढून विकणाऱ्या पोरांनो, हे वाचाच. मी दारव्हा तालुक्यातला, घर लग्नाच्या शूटिंगवर चालते पण जीव सगळा दगडांच्या फोटोत. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेनं समुद्राकडे उतरलं की काळ्या खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडलेली दिसते, खारं पाणी बारीक छिद्रात शिरते, वाळते, मग मिठाचे स्फटिक वाढून दगडाचा कण कण सुटतो. आपल्या काळ्या मातीखालचाच बेसाल्ट तो!

तर एकाचा मेसेज आला, म्हणे नागपुरात हॉस्पिटलचं इंटेरिअर करतो, लॉबीत लावायला तुमचे फोटो कॅनव्हासवर पाहिजेत. टोकन म्हणून पाचशे टाकले अन् मग म्हणे, "भाऊ, प्रिंटरवाल्याले कलर टेस्ट करायची हाय, ओरिजिनल फाइल डॉक्युमेंट करून पाठवा." फाइल गेल्या अन् नंबर बंद.

पुढे यवतमाळात एका फर्निचरच्या दुकानात सोफ्याच्या वर माझाच फोटो टांगलेला, डावीउजवी बाजू पलटवून. जाळीच्या एका भोकात अडकलेला पांढरा शंख अन् तिथूनच तिरपी गेलेली भेग, तेवढ्यावर ओळखला. दुकानदार म्हणे माल बाहेरून येते, बिल नाही.

देवळाचा फोटो असता तर कोणीही ओळखला असता. इथे ना आभाळ, ना वरखाली, पलटवला, कापला की कोणाचा हे कळतच नाही, म्हणून अशा फोटोवर यांचा डोळा.

24 मेगापिक्सेलची फाइल म्हणजे 6000 बाय 4000, 150 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 150 ठिपके धरून, सरळ 40 इंच रुंद प्रिंट निघते, म्हणजे फाइल दिली की सगळा मालच गेला. नमुना म्हणून 1200 पिक्सेलचीच द्या, नाव टाकून, ती त्याच हिशोबानं 8 इंचावर संपते. कलर टेस्टच पाहिजे असंल तर फोटोतला लहानसा तुकडा कापून द्या. अन् रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून निघते ती कच्ची फाइल, कोणालेच नाही, फोटो माझा हे दाखवायला पोलीस ठाण्यात तीच कामी आली.

तिथे एक जण म्हणे, "पैसे घेतले ना, मंग विकलाच की." नाही भाऊ! 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागते, मी सहीच केली नाही. तक्रार सायबर क्राइम पोर्टलवरही टाकली आहे. पांढऱ्या शंखाचा तो फोटो कुठे विकायला दिसला तर दुकानाच्या बिलाचा फोटो काढून मला नक्की पाठवा.