उसाच्या ट्रकला नायलॉन टायर की रेडियल?

गळीत हंगामापूर्वी टायर बदलायला निघालेल्या मालकापुढे हा प्रश्न किमतीच्या रूपाने येतो आणि तिथेच बहुधा नायलॉन जिंकतो. प्रत्यक्षात फरक बांधणीचा आहे. नायलॉन टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, त्यामुळे त्याची बाजूची भिंत जाड आणि चिवट राहते. फडातील ढेकळे, उसाची खोडकी आणि कच्च्या रस्त्यावरचे दगड ती बऱ्यापैकी सोसते. रेडियलमध्ये दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीखाली पोलादी पट्टे असतात, म्हणून रस्त्यावर टेकणारा भाग कमी वळवळतो, टायर कमी तापतो, डिझेल वाचते आणि झीज सावकाश होते. मात्र त्याची पातळ भिंत कापली गेली, तर दुरुस्ती अवघड असते.

कारखाना दूर आणि रस्ता डांबरी असेल, तर मी रेडियलच घेईन. फडातच अधिक फिरणाऱ्या गाडीला नायलॉन बरा. एकाच आसावर (अ‍ॅक्सलवर) दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

2018 मध्ये चार टायरांच्या एकेरी आसावरील वजनाची मर्यादा 10.2 वरून 11.5 टन झाली, पण ही सवलत जुन्या टायरला बळ देत नाही. हवा थंड टायरमध्येच मोजावी. हातोडीच्या आवाजावरून दाब ओळखणारे उस्ताद असतात, तरी जोडचाकातला आतला टायर त्यांनाही चकवतो.