दुकानगाळ्याच्या अपिलासाठी घेतलेली वकिली सेवा

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान वडिलांच्या काळापासून भाड्याच्या जागेत आहे. मुलाच्या धंद्यासाठी जागा हवी, या कारणावरून जागामालकांनी लावलेल्या दाव्यात दिवाणी न्यायालयाने आमच्याविरुद्ध कब्जा देण्याचा हुकूमनामा केला, तेव्हा अपिलासाठी आम्ही या वकिलांच्या कार्यालयात आलो.

पहिल्या भेटीत वकीलसाहेबांनी निकालपत्र वाचण्याआधी एकच प्रश्न विचारला : निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज केला का? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ३४ प्रमाणे अपिलाला ३० दिवसांची मुदत असते आणि सहीशिक्क्याची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. आमच्या आधीच्या वकिलांनी हे सांगितलेच नव्हते, त्यामुळे आठ दिवस हातचे गेले होते. कारकुनाने त्याच दुपारी अर्ज दिला. अपील दाखल झाले म्हणजे कब्जा आपोआप थांबतो, हा आमचा दुसरा गैरसमजही तेथेच दूर झाला. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, आणि ती मिळाली तरी जुन्या भाड्यापेक्षा बरीच मोठी रक्कम दरमहा न्यायालयात भरण्याची अट पडू शकते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले. तशी अट पडलीच. पण मनाची आणि पैशाची तयारी असल्यामुळे आम्ही एकही महिना चुकलो नाही.

खरे काम दिसले ते कागदपत्रांच्या वाचनात. मालकाची गरज प्रामाणिक आहे एवढे ठरले की भाडेकरू बाहेर, असा आमचा समज होता. परंतु त्याच कायद्याच्या कलम १६(२) प्रमाणे हुकूमनामा केल्याने भाडेकरूची जास्त अडचण होईल की तो नाकारल्याने मालकाची, हे न्यायालयाला तोलून पाहावे लागते, आणि जागेच्या काही भागापुरता हुकूमनामा करून कोणाचीच अडचण होणार नसेल तर तेवढ्याच भागापुरता तो करावा लागतो. खालच्या न्यायालयाच्या निकालात या मुद्द्याची चर्चा दोन ओळींत उरकली होती. वकीलसाहेबांनी वादींची संपूर्ण उलटतपासणी स्वतः वाचून काढली आणि शाहूपुरीत आपला आणखी एक गाळा रिकामा आहे, ही वादींनीच दिलेली कबुली शोधली. हा पुरावा पहिल्यापासून निशाणीवर, म्हणजे न्यायालयाच्या नोंदीत होता. त्याच्यावर बोट ठेवणारे तेवढे कोणी नव्हते, याचे आजही फार वाईट वाटते.

कसबा बावड्यातील न्यायसंकुलात झालेला अंतिम युक्तिवाद याच दोन मुद्द्यांवर होता. जिल्हा न्यायालयाने अपील अंशतः मंजूर करून मागची कोठाराची खोली मालकांना दिली आणि रस्त्यावरचा दर्शनी गाळा आमच्याकडे राहिला. पूर्ण विजय मिळवून देतो असे आश्वासन वकीलसाहेबांनी कधीही दिले नव्हते, आणि म्हणूनच हा निकाल आम्हाला समाधानाने स्वीकारता आला. या कायद्यात पुढे दुसरे अपील नाही. त्यानंतर दाद मागायची ती उच्च न्यायालयात. १८ ऑगस्ट २०२५ पासून त्याचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) कोल्हापुरातच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबईला हेलपाटे घालावे लागत नाहीत, ही आम्हा व्यापाऱ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

फी तीन टप्प्यांत घेतली आणि प्रत्येक वेळी पावती दिली. उणीव सांगायची तर संध्याकाळी कार्यालयात फोन लागत नाही, आणि दोनदा पुढची तारीख कळवण्याचे राहून गेल्याने ती आम्हाला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहावी लागली. अशील म्हणून तेवढी दक्षता आपणही घ्यावी. शिवाय येथे येताना जुन्या भाडेपावत्या, दुकान परवाना आणि विजेची बिले वर्षवार लावून आणावीत, कारण पहिल्या बैठकीचे दोन तास त्यांवरच जातात. केवळ तारखा लांबवण्यासाठी अपील करायचे असेल, तर ते काम घेत नाही असे येथे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले जाते.