चार ब्रास वाळू आणि तिच्यात मुरलेले पैसे

सांगलीत विश्रामबागेत घर बांधायला काढलं तेव्हा हे नोकरीसाठी पुण्याला. त्यामुळे माल उतरवून घेणं माझ्याकडे. क्रश सँडची, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूची, पहिली गाडी मे महिन्यात आली. पावतीवर ४ ब्रास, ब्रासला ४,५०० रुपये, म्हणजे १८,००० मी जागेवर मोजले. ड्रायव्हरने हौद्याला बाहेरून टेप लावून दाखवलासुद्धा: १४ फूट बाय सव्वासात बाय ४. १०० घनफुटांचा एक ब्रास, गुणाकार ४०६. "वरचे सहा तुम्हाला फुकट, ताई," म्हणाला. मी त्याला चहासुद्धा पाजला.

त्या रात्री वळीव कोसळला. सकाळी बघते तर विटांच्या आळ्यात ओतलेला ढीग वीतभर खाली. माझ्या डोक्यात एकच आलं, रात्रीत कुणीतरी घमेली भरून नेली. राखणीच्या मामांना मी नको ते बोलले. साठी उलटलेला माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला.

गवंडी आले ते हसायलाच लागले. "मामास्नी कशाला बोलताय वैनी? वाळू फुगलेली हुती, पाण्यानं बसली." मला पटेना. मग त्यांनी घरातली लोणच्याची काचेची बरणी मागवली. ताडपत्रीखाली भिजायची राहिलेली ओलसर वाळू तिच्यात न दाबता २० सेंटीमीटर भरली, खूण केली आणि पेपरावर ओतून काढली. बरणीत निम्मं पाणी घेऊन तीच वाळू पुन्हा थोडी थोडी सोडली, सळीने ढवळली. पाणी वर आणि वाळू खाली. पट्टी लावली तर १६ सेंटीमीटर!

कारण साधं आहे. ओलसर वाळूत प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. तो कणांना नीट बसू देत नाही, मध्ये पोकळ्या राहतात. वजन तेवढंच, जागा जास्त, म्हणजे घनता कमी. वाळू सगळी बुडाली की पापुद्रा उरत नाही आणि ती खाली बसते. सुकी वाळू अशी फुगत नाही, आणि जाडीपेक्षा बारीक जास्त फुगते. आमच्या बरणीच्या हिशोबाने २० ब्रास घेतले तर पदरात १६.

आता खरं सांगायचं तर हा भाग लबाडीचा नव्हे. धुतलेली वाळू ओलीच येणार. लबाडी टेपात होती. दुसरी गाडी आली तेव्हा मी पदर खोचून गवंड्यांबरोबर हौद्यात चढले. आतून माप साडेतेरा बाय सात. वाळूची खोली चार कोपऱ्यांत आणि मध्ये घेतली, सरासरी साडेतीन. झाले ३३१ घनफूट. पत्र्याची जाडी, खालच्या पट्ट्या, फाळक्याची वरची रिकामी कड, सगळ्याचे पैसे आम्ही वाळूच्या भावाने दिले होते. सव्वातीनच्या जरा वर ब्रास, आणि फुगवटा काढला तर २.६५.

भांडले. तर तो पुरवठादार अगदी गोड आवाजात म्हणाला, "ताई, एवढा संशय असेल तर टनावर घ्या. काट्यावर कोण फसवणार? ब्रासला ४ टन धरू, सगळीकडं हेच चालतं."

इथे मी दुसऱ्यांदा फसले. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. सुकी क्रश सँड घनमीटरला साधारण १.६ ते १.७ टन भरते, म्हणजे ब्रासला साडेचार ते पावणेपाच टन. ४ धरले की टनाचा दर होतो १,१२५. हिशोबाने तो हजाराच्या आत हवा. शिवाय गाडी आली तीच फाळक्यातून पाणी गाळत. काट्याची पावती निव्वळ १६ टनांची. मी एक किलो वाळू मोजून घेतली, जुन्या तव्यावर रवा भाजतात तशी भाजली आणि पुन्हा मोजली. ९०० ग्रॅम. सोळा टनांत १.६ टन पाणी, त्याचे १,८०० रुपये! तेवढ्यात टँकर दारात आला असता.

टनावर घेणाऱ्यांनी काटा आपण सांगू तो घ्यावा. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी त्याच काट्यावर, आपल्यासमोर. भरलेली गाडी तोलताना क्लीनर केबिनमध्ये आणि रिकामी तोलताना तो चहाला गेलेला, म्हणजे त्याचंही वजन वाळूत, हेही मी पाहिलंय. ब्रासवर घ्यायची तर माप हौद्याच्या आतून, आणि बरणी जवळ ठेवायची. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

मामांची मी माफी मागितली. "असू द्या" म्हणाले. पण तेव्हापासून संध्याकाळी कामावर आले की ढिगाच्या कडेने काठीने रेघ ओढतात, मला हाक मारून दाखवतात आणि मगच खाटेवर बसतात.