रात्रनिवारा की आधी घर?
बेघरांसाठीच्या रात्रनिवाऱ्यात संध्याकाळी रांग, रात्री खाट आणि सकाळी पिशवी उचलून पुन्हा रस्त्यावर. कडाक्याच्या थंडीत त्याने जीव वाचतो, हे नाकारता येत नाही. उभारायलाही तो सोपा. पण दहा वर्षं फुटपाथवर काढलेल्या माणसाची औषधं, कागदपत्रं, झोप यातलं काहीच तिथे मार्गी लागत नाही.

'आधी घर' ही पद्धत १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. 'आधी दारू सोड, मग खोली देऊ' हा जुना क्रमच तिने उलटा केला: हातात किल्ली आधी, उपचार त्याच्या मर्जीने. फिनलंडने २००८पासून निवाऱ्यांच्याच इमारतींत सदनिका केल्या. भाडं रहिवासी भरतो, गरजेनुसार सरकारी मदत घेऊन. व्यसन यात आपोआप सुटत नाही, घर मात्र बहुतेकांचं टिकतं. माझा कौल यालाच. अर्थात पालिकेकडे द्यायला घरं हवीत, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.